बिनभात्याची पेटी

आपल्याकडे कलावंताची पंचाहत्तरी आली की काय होतं हे डोंबिवली-कल्याणकरांना सांगायला नको. शाल, श्रीफळ, मानपत्र, तीन प्रमुख पाहुणे आणि साडेनऊला सुरू होणारी भाषणं. शेवटी सत्कारमूर्तींना 'दोन मिनिटं काहीतरी ऐकवा' असा आग्रह होतो आणि तेव्हा प्रेक्षागृहातली निम्मी माणसं शेवटच्या गाडीच्या हिशेबात असतात.

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये 'जॅझ स्टँडर्ड' नावाचा एक तळघरातला क्लब होता. वर खानावळ, खाली गाणं-बजावणं. 2017 साली तिथे डॉ. लॉनी स्मिथ या ऑर्गनवादकाची पंचाहत्तरी साजरी झाली, ती अशी की त्या माणसाने स्वतःच तिथे मुक्काम ठोकून वाजवलं. त्या वादनातून दोन अल्बम निघाले. 'ऑल इन माय माइंड' 2018 च्या जानेवारीत आला आणि 'ब्रीद' 2021 च्या मार्चमध्ये. दोन्ही 'ब्लू नोट' कंपनीचे, दोन्हींचा निर्माता डॉन वॉझ. मला लिहायचंय ते मुख्यतः दुसऱ्याबद्दल. पण पहिला जुळा भाऊ आहे, तो मधूनमधून येणारच.

'डॉक्टर' ही पदवी कुठल्याही विद्यापीठाची नाही, माणसाने ती आपली आपण लावून घेतली. डोक्याला कायम फेटा, तोही धर्माचा नव्हे, हौसेचा. नावामागे परस्पर पंडित-उस्ताद चिकटवणारे आपल्याकडे कमी नाहीत, तेव्हा आपण हसू नये. आणि याचं वाजवणं ऐकल्यावर पदवी कमीच वाटते.

आता त्याच्याबरोबर बसलेली तरुण मंडळी कोण तेही सांगतो. गिटारवर जोनाथन क्राइसबर्ग, ड्रमवर जोनाथन ब्लेक. ध्वनिमुद्रणाच्या वेळी दोघंही चाळिशीत. काही ठिकाणी त्यांना चार फुंकवाद्यांची जोड आहे: टेनर सॅक्सोफोनवर जॉन एलिस, बॅरिटोनवर जेसन मार्शल, ट्रम्पेटवर शॉन जोन्स आणि ट्रॉम्बोनवर रॉबिन युबँक्स. यातला युबँक्स साठी ओलांडलेला, त्याला तरुण म्हणणं जरा जड जाईल. बाकीच्यांना म्हणायला हरकत नाही. आपल्या संगीतातही चाळिशीचा गायक 'उदयोन्मुख'च असतो.

माझी ऐकण्याची जागा ठाकुर्ली. डोंबिवली आणि कल्याणच्या मधलं हे स्टेशन, जिथे फक्त धिम्या गाड्या थांबतात. जलद गाड्या आणि लांब पल्ल्याच्या मेल आमच्या छातीवरून जातात, थांबत नाहीत. त्यामुळे इथे वाढलेल्या माणसाचा कान आपोआप तयार होतो: लांबून येणारा एक जाड, खालचा सूर, तो चढत जातो, खिडकीची तावदानं थरथरतात, मग उतरत जातो. आणि गावात ते चोळा पॉवर हाऊस. लोकल विजेवर चालवण्यासाठी जीआयपी रेल्वेने बांधलेलं, कोळशावर चालणारं वीजघर. ते बंद पडून जमाना झाला, पण बावनचाळीच्या बाजूची जुनी माणसं अजून पत्ता सांगताना 'पॉवर हौसापाशी' असंच म्हणतात. हे सगळं इथे आणायचं कारण नुसता गावाभिमान नाही. लॉनीचं हॅमंड ऑर्गन हे वाद्य विजेच्या पोटातून जन्मलेलं आहे.

आपल्याला ऑर्गन म्हटलं की आठवते ती पायपेटी. रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसलेला वादक, पाय खाली भाता हलवतायत, हात वर पट्ट्यांवर. गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर थिरकवा. हा संच नुसता उच्चारला तरी जुन्या रसिकांचे डोळे मिटतात. पुढे गोविंदराव पटवर्धनांनी नाट्यपदाच्या साथीला जी उंची दिली, ती ऐकलेल्या पिढीतली माणसं कल्याण गायन समाजाच्या मैफलींना अजून भेटतात. त्या वाद्याचं सगळं मर्म भात्यात होतं. पाय थांबले की सूर मेला. म्हणजे वाद्याला श्वास होता, आणि तो वादकाच्या पायातून येत होता. गायकाने दम घेतला की ऑर्गन ती पोकळी भरून काढायचा. या भरण्यालाच आपण 'साथ' म्हणत आलो.

हॅमंडला भाता नाही. लॉरेन्स हॅमंड हा मुळात घड्याळांचा कारखानदार, विजेच्या मुख्य प्रवाहाच्या आवर्तनांशी पाऊल जुळवून चालणारी मोटर ही त्याची खासियत. तीच मोटर त्याने 1935 साली वाद्यात घातली. एका दांड्याने चालवलेली 91 दातेरी चाकं फिरत राहतात, त्यांच्यासमोर लोहचुंबक, आणि त्या फिरण्यातून प्रत्येक स्वर निर्माण होतो. वाजवा किंवा वाजवू नका, चाकं फिरतच असतात. पट्टी दाबली की फक्त दार उघडतं. अमेरिकेत वीज सेकंदाला 60 आवर्तनांची, आपल्याकडे 50. तिकडचं वाद्य आणून, विजेचा दाब तेवढा जुळवून, ठाकुर्लीच्या प्लगात घातलं तर काळी दोनचा षड्ज पांढरी एकच्याही किंचित खाली उतरेल. सूर असा महावितरणच्या हातात असलेलं दुसरं वाद्य मला माहीत नाही.

तर हे वाद्य दमत नाही, आणि हीच त्याची मोठी अडचण. पट्टी दाबून ठेवा, सूर सकाळपर्यंत तसाच राहील. पियानोचा सूर विझतो, सतारीची तार थंडावते, पायपेटीवाल्याचे पाय दुखतात. हॅमंडला कशाचंच दुखत नाही. त्यामुळे त्यावर बसलेला सामान्य वादक खोली भरून टाकतो, आणि दहा मिनिटांत श्रोत्याला गुदमरल्यासारखं होतं. या वाद्यात श्वास नाही, तो वादकाने बाहेरून आणायचा असतो. लॉनी स्मिथ तो कसा आणतो, हे मला या अल्बममध्ये सगळ्यात आधी ऐकू आलं.

त्याची तीन साधनं आहेत. एक, उजव्या पावलाखालचं आवाज लहान-मोठा करणारं पेडल. दोन, प्रत्येक पट्टीसंचासाठी पुढे-मागे सरकणाऱ्या नऊ दांड्या, ज्यांनी सुराचा पोत बदलतो, बासरीपासून कर्ण्यापर्यंत. तीन, लेस्ली नावाचा लाकडी खोक्यातला फिरता भोंगा. तो हळू फिरला तर सूर किंचित हेलकावतो, वेगात फिरला तर थरारतो. मींड या वाद्यावर येत नाही. बाजाच्या पेटीवर आपल्याकडे हाच आरोप झाला आणि 1940 साली तिला आकाशवाणीबाहेर काढण्यात आलं. पण हळू भोंगा वेगात जातो तो मधला क्षण नीट ऐकला, तर आंदोलित गांधाराची सय येते. मी मुद्दाम 'सय' म्हणतोय, तो गांधार नव्हे.

डाव्या हाताने तो बास वाजवतो, डाव्या पायाने त्याला ठोके देतो. म्हणजे अशा ऑर्गन-त्रिकुटात बासवादक नावाचा माणूसच नसतो. 'ऑल इन माय माइंड'ची सुरुवात वेन शॉर्टरच्या 'जूजू'ने होते. शॉर्टरच्या 1964 च्या मूळ ध्वनिमुद्रणात बासवर रेजी वर्कमन, पियानोवर मकॉय टायनर, ड्रमवर एल्विन जोन्स. तिथे जे दोन थोर वादक मिळून करतात, ते इथे एक पंचाहत्तरीचा माणूस दोन हात आणि एका पायात करतो. ती रचना तर अशी की तिच्या बऱ्याच भागात स्वरांतरं सारखी आहेत: सा, रे, ग, तीव्र म, मग कोमल ध, कोमल नि. पंचम नाहीच. आपल्या कानाला घर सापडत नाही, पाय टेकायला जागा मिळत नाही. अशा वेळी खालचा बास डगमगला तर सगळं कोसळेल. तो डगमगत नाही. क्राइसबर्ग वर वाटेल तसा उडू शकतो, कारण खाली कोणीतरी जोतं धरून बसलंय.

आणि हेच मला या दोन्ही अल्बमचं खरं सौंदर्य वाटतं. ज्याच्या नावाने मैफल आहे तोच सगळ्यात खाली बसला आहे. आपल्याकडे ज्येष्ठ कलावंत तरुणांना घेऊन बसतो तेव्हा रचना सहसा उलटी असते. तरुणांनी तंबोरे धरायचे, मध्ये कधीतरी गुरुजींनी मान हलवली तर एखादी तान घ्यायची. शिस्त म्हणून ते ठीकच आहे. पण इथे गुरुजींनीच तंबोरा धरलाय, म्हणा ना.

'ब्रीद'मध्ये 'ट्रॅक नाइन' नावाची त्याचीच रचना आहे. चारही फुंकवाद्यं तुटून पडलेली, वेग चांगलाच. ती ऐकताना लॉनी थोडा झाकला जातो. गंमत वाटली, पण मन फार वेळ रमलं नाही. पितळी वाद्यांचा असा ताफा मी लग्नाच्या वरातीत पुरेसा ऐकलाय.

त्याच्या पुढचं 'वर्ल्ड वीप्स' मात्र थांबवतं. ही रचना नवी नाही, 2009 च्या 'राइज अप' या अल्बममध्ये ती येऊन गेली होती. लय विलंबित. विलंबितात दोन ठोक्यांमधली जागा मोठी होते आणि ती भरायचा मोह अनावर. तबलजी भरतो, पेटीवाला भरतो, कधी कधी श्रोतासुद्धा 'वाहवा'ने भरतो. इथे ती जागा बऱ्याच वेळा रिकामीच ठेवलेली आहे. ऑर्गन तळाशी दबलेल्या आवाजात, जवळजवळ घशातल्या घशात. नावात रडणं आहे, पण गळा काढलेला नाही. आमच्याकडे मयताच्या घरी पहिल्या दिवशी म्हातारी माणसं भिंतीला टेकून बसतात, काही बोलत नाहीत, मध्येच एखादा सुस्कारा. तसं आहे हे. मग हळूहळू पेडल दाबलं जातं, फुंकवाद्यं येतात, आवाज भरत जातो, आणि भरल्यावर कळतं की हा चढाव मघापासूनच सुरू होता.

जोनाथन ब्लेकबद्दल इथे दोन शब्द. हा ड्रमवाला आपल्या झांजा इतक्या खाली लावतो की त्या ढोलांच्या पातळीला येतात. बहुतेकांच्या झांजा खांद्याच्या उंचीला असतात, हात उचलून मारायच्या. त्याला हात फारसा उचलावाच लागत नाही. तबल्यात ज्याला 'हात बसलेला' म्हणतात तो प्रकार. विलंबितातल्या त्या रिकाम्या जागांत तो काय वाजवत नाही ते ऐकत राहावं.

'पिल्ग्रिमेज'मध्ये अ‍ॅलिशिया ओलातुजा गायली आहे. ओबामांच्या 2013 च्या शपथविधीत ब्रुकलिन टॅबरनॅकलच्या समूहगानात एकल भाग गायलेली ती हीच. नावाचा अर्थ तीर्थयात्रा, आणि मराठी लेखकाला इथे पंढरीची वारी आणण्याचा मोह होतो. मी आवरला. हे गाणं चर्चच्या बाकांवरचं आहे आणि त्याला तिथेच राहू द्यावं. मात्र एक जोड खरी आहे: काळ्या अमेरिकन चर्चमध्ये हॅमंड रुजला आणि तिथे तो गायिकेचा जोडीदार असतो, तिच्या ओळीच्या शेवटी 'हो' म्हणणारा. कीर्तनात बुवांमागे उभे असलेले टाळकरी काय करतात? तेच. लॉनी इथे पूर्ण साथीदार होतो. ती दम घेते तेव्हाच तो सरकतो, पुन्हा मागे होतो. ऑर्गनवरच्या नाट्यपदांवर वाढलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल, भाषा परकी असली तरी.

'एपिस्ट्रफी' ही थेलोनियस मंक आणि केनी क्लार्क यांची 1940 च्या दशकाच्या सुरुवातीची रचना. हे नाव अलंकारशास्त्रातल्या एका शब्दाशी खेळतं: प्रत्येक वाक्याच्या शेवटी तोच शब्द येणं. आपल्याला गझलेतला रदीफ माहीत आहे, तोच प्रकार. एक छोटा, हट्टी वाक्यखंड किंचित वर सरकतो, परत खाली येतो, पुन्हा तिथेच. मंक ते पियानोवर ठोकून, तोडून वाजवायचा, दोन सुरांमध्ये उजेड ठेवून. ऑर्गनवर सूर विझत नसल्यामुळे तो तुटकपणा आपोआप येत नाही, बोट नेमकं उचलावं लागतं. लॉनीला ते येतं. तरीही मला इथे मंकच पाहिजे. आवड आहे, काय करणार.

राहिलं पहिलं आणि शेवटचं गाणं. ती क्लबमधली नाहीत, स्टुडिओत केलेली आहेत, आणि दोन्हींत इगी पॉप गायला आहे. हा रॉकवाला, एके काळी उघड्या अंगाने रंगमंचावरून लोकांत उड्या टाकणारा. इथे तो सत्तरी ओलांडून आलेला आहे, जाड, कोरड्या आवाजात, जवळजवळ बोलतो. 'व्हाय कांट वी लिव्ह टुगेदर' हे टिमी थॉमसचं 1972 चं गाणं. त्यात मुळात होतं काय? एक ऑर्गन, एक यंत्राचा ठेका आणि एक माणूस. इतक्या उघड्यावाघड्या गाण्याला नवे कपडे चढवले तर ते मरतं. लॉनीने चढवले नाहीत. दोन म्हातारे ओट्यावर बसून विचारतायत की बाबांनो, एकत्र राहायला काय होतं तुम्हाला. 2021 च्या मार्चमध्ये हा अल्बम आला तेव्हा जग दारं लावून बसलं होतं, म्हणून तो प्रश्न जास्त चिकटला, हेही खरं. शेवटचं 'सनशाइन सुपरमॅन', डोनोव्हनचं 1966 चं. ते ठीक आहे. जेवणानंतरच्या बडीशेपेइतकं.

आता एक गोष्ट, जी मला सांगितल्यावाचून राहवत नाही. लॉनीचा जन्म 1942 चा, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराजवळच्या लॅकवॉना या पोलादाच्या गावचा. संगीताचं औपचारिक शिक्षण नाही, स्वरलेखन वाचता येत नव्हतं. तरुणपणी तो बफेलोच्या एका वाद्यांच्या दुकानात रोज जाऊन बसायचा, दुकान बंद होईपर्यंत. मालकाने एकदा विचारलं, बाबा रे, रोज इथे काय करतोस? तो म्हणाला, वाद्य असतं तर पोट भरलं असतं. एक दिवस मालक त्याला मागे घेऊन गेला. तिथे हॅमंड होता. उचलून नेता येत असेल तर तुझा, असं तो म्हणाला. दीडशे किलोच्या वरचं ते धूड त्याने कसंबसं नेलंच. त्या दुकानदाराचं नाव आर्ट कुबेरा. हे मी बनवलेलं नाही. कुबेरानेच वाद्य दिलं.

त्या वाद्यावर तो 1966 मध्ये जॉर्ज बेन्सनच्या चौकडीत पोहोचला, 1967 मध्ये लू डोनाल्डसनच्या 'अ‍ॅलिगेटर बूगालू'त वाजवलं, 1968 पासून 'ब्लू नोट'साठी स्वतःच्या नावाने ध्वनिमुद्रणं केली. मग त्या कंपनीशी नातं तुटलं ते थेट 2016 च्या 'इव्होल्यूशन'पर्यंत. चार दशकांहून मोठा खंड. 2017 मध्ये अमेरिकी सरकारच्या कलानिधीने त्याला 'जॅझ मास्टर' केलं, तोच पंचाहत्तरीचा सुमार.

'ऑल इन माय माइंड'मध्ये पॉल सायमनचं 'फिफ्टी वेज टू लीव्ह युअर लव्हर' आहे. मूळ 1975 चं, आणि सगळ्यांना आठवतो तो त्यातला स्टीव्ह गॅडचा ड्रमवरचा लष्करी कवायतीसारखा ठेका. इथे ड्रमवर ब्लेक नाही, जो डायसन आहे, तिघांत सगळ्यात तरुण. एवढ्या प्रसिद्ध ठेक्यासमोर बसणं म्हणजे भीमण्णांच्या अभंगावर भजनी ठेका धरायला बसण्यासारखं. नक्कल केली तर हसतील, सोडून दिलं तर गाणं ओळखू येणार नाही. तो पोरगा मधली वाट काढतो, आणि ऑर्गन त्याला ती काढू देतो. 'काढू देतो' हे क्रियापद या दोन्ही अल्बमना लागू पडतं.

अल्बमचं नाव 'ब्रीद', श्वास घे. पण आतल्या आठ रचनांत या नावाची एकही नाही. ते नाव वाद्याला उद्देशून असावं असं मी माझ्यापुरतं धरून चाललो होतो. जॅझ स्टँडर्ड 2020 च्या डिसेंबरात कायमचा बंद झाला, कोविडच्या साथीमुळे. तीन-चार महिन्यांनी अल्बम आला. आणि 2021 च्याच 28 सप्टेंबरला फ्लोरिडात लॉनी स्मिथ गेला, वयाच्या 79 व्या वर्षी. आजार फुप्फुसांचा होता, त्यांत तंतू वाढून श्वास अपुरा पडत जाण्याचा.

ऐकायचं असेल तर मोबाइलच्या भोंग्यावर ऐकू नका, डाव्या हाताचा बास त्यातून येतच नाही आणि तो नसेल तर काहीच नाही. चांगले हेडफोन लावा, रात्री साडेअकरानंतर, गाड्यांची वर्दळ विरळ झाल्यावर. सुरुवात पाचव्या रचनेपासून करा, 'वर्ल्ड वीप्स'पासून. मग सहावी, मग पहिली. आठवी राहिली तरी चालेल.